आभाळातून दिसणारा धूर आणि न दिसणारा
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



सकाळपासून अनेकांनी विचारले, "तू नेमकं करतोस काय?" उपग्रहाच्या चित्रांत धूर आणि धूळ शोधतो, असे सांगितल्यावर एक मित्र म्हणाला, "त्यासाठी उपग्रह कशाला? ऊसतोडीच्या दिवसांत आष्ट्यात ये!" त्याचे म्हणणे खरे आहे. म्हणूनच आज थोडे त्याबद्दल बोलतो.

तुमच्यापैकी जे मुंबई-पुण्यात असतात, त्यांना जानेवारी 2022 मधला एक रविवार आठवत असेल. तारीख 23. दिवसभर सूर्य फिकट होता, समोरच्या इमारती धूसर दिसत होत्या आणि गाड्यांवर पांढरट भुकटी साचली होती. लोकांना ते धुके वाटले. ती होती पाकिस्तानच्या बाजूने आलेली धूळ. जोराच्या वाऱ्याने ती उचलली, अरबी समुद्रावरून सौराष्ट्राला आणि तिथून आपल्याकडे आणली. उपग्रहाच्या चित्रांत समुद्राच्या गडद पाण्यावर तो मातकट पट्टा दिसत होता. धूळ एवढा लांबचा प्रवास करते, हे जमिनीवर उभे राहून कुणाला कळले असते?

आपल्या इन्सॅट मालिकेतले हवामान उपग्रह विषुववृत्तावर सुमारे 36,000 किलोमीटर उंचीवर एकाच जागी असल्यासारखे राहतात आणि साधारण दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतात. ढग, धूळ आणि धूर यांतला फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. ढग पांढरा आणि वरून थंड असतो. धूर निळसर-करडा दिसतो आणि बहुधा एखाद्या ठिकाणापासून शेपटीसारखा पसरत जातो. धूळ पिवळट असते. जमिनीवर ती मातीच्या रंगात मिसळून जाते, म्हणून तिथे डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण मोजतात. त्यांच्या दोन जवळजवळच्या पट्ट्यांत धूळ ढगापेक्षा वेगळी वागते. त्यामुळे ती रात्रीही सापडते.

आग शोधणारे उपग्रह वेगळे. ते बरेच खालून, ध्रुवावरून ध्रुवाकडे फिरतात. त्यांतला एक 2011 साली सोडलेला सुओमी एनपीपी. तो आपल्यावरून दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास जातो. आगीसाठी त्याच्या चित्रातला एक चौकोन 375 मीटरचा, म्हणजे साधारण 35 एकरांचा. आग खूप तापलेली असल्याने याहून पुष्कळ लहान असली तरी तो चौकोन उठून दिसतो. चांदोलीसारख्या जंगलातला वणवा तासन् तास धुमसतो, म्हणून तो सहसा सापडतो. देशभरातल्या वणव्यांच्या सूचना भारतीय वन सर्वेक्षण संस्था अशाच उपग्रहांच्या आधारे देते.

आता आपल्या शिवाराकडे या. ऊस तुटून गेला की पाचट पेटवले जाते. एकराचे पाचट तासाभरात जळून जाते. ते संध्याकाळी पाचला पेटवले तर दीडला येऊन गेलेल्या उपग्रहाला काय दिसणार? रात्री तो परत येईपर्यंत राख थंड झालेली असते. नकाशावर आपला भाग स्वच्छ दिसतो आणि इथे दोरीवरच्या कपड्यांवर काळी काजळी पडते. पंजाबातही पराली दुपारनंतर पेटवली जाऊ लागल्याने असाच पेच पडला आहे. नकाशावर ठिपका नाही, याचा अर्थ आग नाही असा होत नाही.

मी शेतकऱ्याला दोष द्यायला उभा नाही. आपण बहुतेक शेतकऱ्यांचीच मुले. पाचटात पाणी नीट फिरत नाही, उंदीर-विंचू होतात, मजूर मिळत नाही, हे सगळे खरे. पण हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघते आणि पेटवले की त्यातला सेंद्रिय कर्ब आणि नत्र हवेत जातो. पुढे त्याच रानासाठी आपण खत विकत आणतो. बुडखे छाटून, पाचट सरीत ठेवून त्यावर युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकले की खोडवा चांगला येतो, ओल टिकते. असे करणारे शेतकरी या सभागृहातच बसले आहेत. त्यांनी जेवताना बाकीच्यांना जरूर सांगावे. आणि धुराचा पहिला घास कुणाच्या वाट्याला येतो? फडाशेजारच्या खोपीत झोपणाऱ्या तोडकऱ्यांच्या लेकरांच्या.

माझी शाळेला एक विनंती आहे. हंगामात मुलांनी रोज एक नोंद ठेवावी : तारीख, वेळ, धूर कोणत्या दिशेला दिसला, वारा कुठून होता. कुणाच्या रानात हे लिहू नये. आपल्याला भांडण नको, माहिती हवी. एक वही आणि भिंतीवरचे घड्याळ एवढे पुरे. त्या नोंदी उपग्रहाच्या चित्रांशी पडताळून द्यायचे काम माझे. उपग्रहाला न दिसलेले किती, हे त्या वहीतूनच कळेल.

सर, बाई, दिशा आणि वारा ओळखायला तुम्हीच शिकवलेत. त्याच शिदोरीवर आजवर चाललो आहे.