तराजू धरण्यापूर्वी मूस धरावी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत हिंजवडी येथे दिलेले भाषण)



आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवात सुवर्णाविषयी बोलण्याची आज्ञा मला झाली, हे मी माझे भाग्य समजतो. एकेकाळी भातशेतीचे असलेले हे गाव आज राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे देशभर ओळखले जाते. येथील कंपन्यांत काम करणारी आपली मुले-मुली अलीकडे मला वारंवार विचारतात, "काका, नोकरी सोडून दागिन्यांचा व्यवसाय सुरू करावा म्हणतो. भांडवल किती लागेल?" भांडवलाचा प्रश्न सर्वजण विचारतात. "शिकावे काय लागेल?" असे विचारणारा मात्र क्वचितच भेटतो. मीही तो प्रश्न विचारला नव्हता. त्याची किंमत कोणी मोजली, ते आज प्रथमच जाहीरपणे सांगतो.

वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी दुकान थाटले. खातेवही चोख होती, नीयत स्वच्छ होती. १९९० च्या सुमारास एका घाऊक व्यापाऱ्याकडून मी सात बोरमाळा घेतल्या. बोरमाळेचे मणी आतून पोकळ असतात आणि ते चेपू नयेत म्हणून त्यांत लाख भरतात. "लाखेचे वजन नगण्य आहे," असे त्याने सांगितले आणि मी ते मानले. त्यांतील अडीच तोळ्यांची एक बोरमाळ मुळशीकडील एका शेतकरी मावशींनी घेतली. सहा वर्षांनी पतीच्या शस्त्रक्रियेसाठी त्या ती मोडायला आल्या. त्यांच्यासमोरच माळ आटवली. लाख जळून गेली आणि मुशीत उरले जेमतेम पावणेदोन तोळे सोने!

पाऊण तोळा लाख मी सोन्याच्या भावाने विकली होती. मी त्याच दिवशी चालू भावाने तूट भरून दिली. मावशींनी नोटा मोजल्या नाहीत. "तुमच्यावर विश्वास होता," एवढेच त्या म्हणाल्या. त्यातला 'होता' हा शब्द मला आजही ऐकू येतो. जुनी वही काढून मी उरलेल्या सहा गिऱ्हाइकांचा शोध घेतला. चौघे सापडले, त्यांचा हिशेब पूर्ण केला. दोघांचा पत्ता आजतागायत लागलेला नाही.

बंधू-भगिनींनो, मी खोटे बोललो नव्हतो, तरीही गिऱ्हाईक फसले. आपल्या दोन्ही परंपरांना मान्य असलेल्या तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: चोरीस प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याच्या नियमांचे उल्लंघन करणे, कमी-अधिक वजन-माप वापरणे आणि अस्सलात नक्कल मिसळणे. ही यादी जणू सराफाच्या गादीसमोर बसूनच लिहिली आहे, असे मला वाटते. मोडीत आलेला डाग चोरीचा आहे काय, झाळ हलक्या कसाची आहे काय, वजनात लाख किती आहे, हे ज्याला कळत नाही तो हे अतिचार टाळणार कसा? आपल्या व्यवसायात अज्ञान हेच दोषाचे दार आहे.

त्या प्रसंगानंतर मी पुण्याच्या रविवार पेठेत एका बंगाली कारागिराच्या शेगडीपाशी वर्षभर रोज सकाळी बसलो. मुशीत धातू ओतणे, जंतरातून तार ओढणे, झाळ देणे, कसोटीवर कस पाहणे हे हाताने केले. घासकामात उडालेला कण कोठे जातो आणि कार्यशाळेतली धूळसुद्धा झारेकरी विकत का घेतात, हे तेथे उमगले. घडणावळ आणि घट यांचा हिशेब मला पुस्तकाने नव्हे, त्या धुळीने शिकवला.

आजच्या तरुणांना शिकण्याच्या सोयी अधिक आहेत. रत्न व आभूषण निर्यात संवर्धन परिषदेची स्थापना १९६६ साली झाली. तिच्या पुढाकाराने मुंबईत इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ जेम्स अँड ज्वेलरी ही संस्था उभी राहिली. सुरतेत १९७८ पासून इंडियन डायमंड इन्स्टिट्यूट हिऱ्यांचे शिक्षण देत आहे. हिंजवडीतील अभियंत्याला तर संगणकावर नक्षी रेखाटणे फार लवकर साधेल. त्या रेखाटनावरून मेणाचा नमुना होतो, त्याभोवती साचा ओततात, मेण वितळून गेले की त्या पोकळीत सोने भरतात. परंतु थंड होताना धातू आकसतो. पडद्यावर सुंदर दिसणारी हिऱ्याची नखी पातळ राहिली, तर गिऱ्हाइकाचा हिरा वाटेत गळून पडतो. ते संगणक सांगत नाही, कारागीर सांगतो.

सुरुवात चांदीपासून करावी, कारण शिकताना होणारी चूक तेथे स्वस्तात पडते. कोल्हापूर जिल्ह्यातील हुपरी एकदा अवश्य पाहून यावे. चंदेरी नगरी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावात पैंजण घरोघरी घडतात. कोणी आटणी करतो, कोणी तार ओढतो, कोणी कड्या जोडतो, घरातील स्त्रिया घुंगरे लावतात. आपल्या समाजातील अनेक कुटुंबे त्या व्यवसायात आहेत. तेथील मुलाला चांदीचा 'टंच' शाळेतल्या पाढ्यांबरोबरच कळू लागतो.

आता व्यवसायाचे थोडे नियम. सोन्याचा हिशेब रुपयांत नव्हे, ग्रॅममध्ये ठेवा. दहा ग्रॅम विकले की तितके सोने पुन्हा भरा. भाव चढल्याने झालेला नफा खर्च कराल, तर वर्षाअखेरीस तिजोरीतले सोने घटलेले दिसेल. १६ जून २०२१ पासून हॉलमार्किंग टप्प्याटप्प्याने बंधनकारक होत गेले आणि १ एप्रिल २०२३ पासून त्या कक्षेतील दागिने सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय विकता येत नाहीत. बावीस कॅरेट म्हणजे हजारात ९१६ भाग शुद्ध सोने, ही खूण दागिन्यावरच असते. परंतु हॉलमार्क सोन्याचा कस सांगतो, आत लाख किती ते सांगत नाही. म्हणून धातूचे निव्वळ वजन पावतीवर स्वतंत्र लिहायचे असते. ती ओळ केवळ कायद्यासाठी लिहू नका, मावशींसाठी लिहा. मोड घेताना ओळखपत्र मागण्याचा संकोच करू नका. एका व्यक्तीकडून एका दिवसात दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास २०१७ पासून मनाई आहे, हेही ध्यानात ठेवा.

शेवटी ट्रस्टला एक नम्र विनंती. या सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून दरवर्षी आपल्या दोन मुला-मुलींना कारागिराच्या हाताखाली वर्षभर शिकण्यासाठी शिष्यवृत्ती द्यावी. न सापडलेल्या त्या दोन गिऱ्हाइकांची रक्कम मी इतकी वर्षे वहीत वेगळी ठेवली आहे. तिचा आजच्या सोन्याच्या भावाने हिशेब करून ती या कार्यासाठी मी ट्रस्टकडे सुपूर्द करतो. ते कधी भेटलेच, तर त्यांचे देणे मी पुन्हा स्वतःच्या खिशातून देईन.

 बोलण्यात काही उणे-अधिक झाले असल्यास मिच्छामि दुक्कडम्. जय जिनेंद्र!