गांवचा बिनपगारी बातमीदार

फैजपुराचें नांव देशभर झालें तें १९३६ सालच्या डिसेंबरांत. राष्ट्रसभेचें पन्नासावें अधिवेशन पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या अध्यक्षतेखालीं या गांवीं भरलें. खेड्यांत भरलेलें तें पहिलेंच अधिवेशन. नंदलाल बोस यांनीं बांबूसारख्या खेड्यांतल्याच साहित्यानें सजविलेल्या टिळकनगराचा बोलबाला झाला. मग मंडप उतरला, आणि मोठ्या पत्रांचे बातमीदार आल्या वाटेनें परतले. गांव मात्र तेथेंच राहिलें. तेथें विहिरी आटतात, निवडणुका होतात, वादळांत केळी आडव्या होतात. हें सर्व जिल्ह्याच्या पत्राला कळवावें कोणी?

खानदेशांत हें काम बहुधा गांवांतलाच एखादा शिक्षक, दुकानदार किंवा कॉलेजचा विद्यार्थी करीत आला आहे. श्रोत्यांपैकीं पुष्कळांच्या गांवीं असा एक तरी गृहस्थ असेल. त्याला पगार नसतो. अंक फुकट मिळाला तरी तो समाधान मानतो. पूर्वीं तो कार्ड टाकी, आज मजकूर व छायाचित्र मोबाइलवरून क्षणांत धाडतो. अशा फुकट सेवा करणाऱ्याला नियम कसले लावावयाचे, असा प्रश्न त्याच्या वतीनें विचारला जातो. प्रश्न सौजन्याचा आहे, पण चुकीचा आहे. लिहिणाराला वेतन किती, हें वाचकाला ठाऊक नसतें. तो छापलेलें खरें धरून चालतो.

सद्धेतूचीही सबब येथें चालत नाहीं. पुण्यास १८८१ सालीं निघालेल्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा छळ होत असल्याचा गवगवा केला, आणि दिवाण माधवराव बर्वे यांच्यावर ठपका ठेवला. आधार होता तो इतरांकडून हातीं आलेल्या, बर्व्यांच्या म्हणविल्या जाणाऱ्या पत्रांचा. बर्व्यांनीं अब्रूनुकसानीचा खटला भरला. पत्रें बनावट ठरलीं. माफी मागूनही टिळक आणि आगरकर यांना १८८२ सालीं चार महिन्यांची शिक्षा झाली, व १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगांत काढावे लागले. सुटून आल्यावर लोकांनीं त्यांना डोक्यावर घेतलें, हें खरें. पण त्यामुळें त्या पत्रांतील अक्षर बर्व्यांचें झालें नाहीं. कागद कोणी दिला, त्याला तो कोठून मिळाला, आणि ज्याच्या नांवावर तो खपविला जातो त्याचें म्हणणें काय, हे तीन प्रश्न तेव्हां पुरेसे विचारले गेले नाहींत. आज मोबाइलवर एकाकडून दुसऱ्याकडे धाडल्या जाणाऱ्या मजकुरालाही हेच तीन प्रश्न लागू आहेत.

गांवच्या बातमीदाराची अडचण आणखी वेगळी. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक असतां साने गुरुजी छात्रालयांतील मुलांसाठीं हस्तलिखित दैनिक काढीत. अशा पत्राचा वाचक आणि विषय एकच. जें लिहिलें तें समोरासमोर तपासलें जातें. फैजपुरासारख्या गांवींही तसेंच. ज्याच्याविषयीं लिहिलें तो दुसऱ्या दिवशीं बसस्थानकावर भेटतो. त्यामुळें लेखणी कधीं प्रामाणिक राहते, कधीं भिते, आणि पुष्कळदां उगाच गोड होते. (अमक्याचें भाषण 'ओजस्वी' नव्हतें, असें छापून आलेलें कोणाच्या पाहण्यांत आहे काय?) सत्काराच्या बातमींतून विशेषणें गाळलीं तर दोन ओळी उरतात, त्या दोनच धाडाव्या. मेव्हणा निवडणुकीस उभा असेल तर ती बातमी दुसऱ्यानें लिहावी, निदान नातें संपादकाला आधीं कळवावें. आणि कोणावर अफरातफरीचा आरोप असेल तर छापण्यापूर्वीं त्याला विचारावें. तो बोलला नाहीं तर तसें लिहावें.

पण सर्वांत मोठी जोखीम आंकड्यांत आहे. यावल-रावेरचा हा पट्टा केळीवर जगतो. वादळानंतर रस्त्याकडेच्या दोन बागा पाहून 'शेंकडों एकर भुईसपाट' असें लिहिणें सोपें असतें. कोणत्या शिवारांत, कोणत्या तारखेस, आणि मोजणी कोणाची? तलाठ्याच्या पंचनाम्यांतला आंकडा तलाठ्याच्या नांवावर जावा, बागाइतदाराचा अंदाज बागाइतदाराच्या. दोहोंतून तिसराच आंकडा बातमीदारानें काढूं नये. फुगविलेल्या आंकड्यानें खरोखर बुडालेल्याचीच बाजू लंगडी होते, कारण पुढच्या वेळीं त्याचेंही कोणी खरें मानीत नाहीं.

याहून नाजूक प्रकार रोगाचा. एका बागेंतील पिवळीं पानें पाहून 'केळीवर रोग' असा मथळा गेला, कीं भाव पाडूं पाहणारा खरेदीदार तें कात्रण निरोगी बागेच्या मालकापुढेंही धरतो. रोग कोणता, किती झाडांवर, कृषि-अधिकाऱ्यानें पाहिला काय, हें कळेपर्यंत 'अमुक शिवारांत पानें पिवळीं पडल्याची तक्रार' एवढेंच लिहितां येतें. चूक झालीच तर दुरुस्ती त्याच जागीं, तितक्याच ठळक अक्षरांत यावी. तरीही ती निघावयाची दुसऱ्या दिवशीं. आणि तयार झालेला घड तोंवर कापून, पडलेल्या भावानें, मोटारींत भरलेला असतो.