मुंबईहून लंडनला

गावातलं कुणी विलायतेला निघालं, की घरची माणसं विचारतात, "पोचायला किती वेळ लागेल हो?" चला, आज आपण हिशेब करू.

मुंबई ते लंडन हवाई वाट सुमारे ७,२०० किलोमीटर. पूर्वी बोटीनं जायला दोन-तीन आठवडे लागत. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं. वाटेत ते कैरो नि जिनिव्हा इथं उतरलं. आता विमान मधे न थांबता साधारण १० तासांत पोचतं.

पण तिकीट पाहून आपण फसतो! हिवाळ्यात दुपारी २ ला निघालेलं विमान तिकिटावर संध्याकाळी ६॥ ला पोचतं. मग साडेचारच तास? नव्हे! ती वेळ लंडनच्या घड्याळाची. सूर्य आपल्याकडे आधी उगवतो. म्हणून तिथलं घड्याळ हिवाळ्यात आपल्यामागं साडेपाच तास असतं, उन्हाळ्यात साडेचार. तिथं ६॥ वाजतात, तेव्हा इथं रात्रीचे १२ होतात.

तेव्हा आयांनो, दिवेलागण झाली, फोन नाही आला, म्हणून जीव टांगणीला लावू नका. लेकरू अजून आभाळात आहे. हिशेब कळला, की निम्मी काळजी मिटते.