डबाबंद माशाची कुरकुरीत कटलेटं

१ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागली की भाईंदरजवळच्या उत्तन, चौक, पालीच्या होड्या किनाऱ्याला लागतात आणि बाजारात ताजी मासळी कमी, महाग होते. सुके बोंबील, जवळा घरात असतोच. पण लोकलने उशिरा मीरा रोड-भाईंदरला उतरणाऱ्यांना झटपट जेवणासाठी डबाबंद ट्यूना, म्हणजे कुपा, फार सोयीचा. हा मासा डब्यातच शिजलेला असतो, तेव्हा पुन्हा उकडू नका.

खरी मेख पाण्यात आहे. मासा चाळणीत ओता आणि हाताने घट्ट पिळा. ओलावा राहिला तर कटलेट तेलात फुटतं. एका डब्याला एक मध्यम उकडलेला बटाटा पुरे, पण तो पूर्ण गार झालेला हवा. त्यात बारीक कांदा, आलं-लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर, लिंबू. उत्तनच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांतला बाटली मसाला मिळाला तर चमचाभर घालाच. गरम मसाल्याला त्याची सर नाही. मीठ चव बघून घाला, कारण डब्यातल्या माशात बहुधा ते असतंच.

चपट्या वड्या रव्यात घोळवून थोडा वेळ फ्रीजमध्ये ठेवा आणि तव्यावर मध्यम आचेवर तळा. खालची बाजू तांबूस होईपर्यंत उलथनं लावू नका. सोबत वरण-भात किंवा पाव.

आणि एक सांगणं: फुगलेला किंवा गंजलेला डबा घेऊ नका. उघडलेल्या डब्यातला उरलेला मासा काचेच्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन दिवसांत संपवा.