राहत्या खोलीचे भाडे आणि दुकानाचे भाडे



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी योजलेला विषय वरकरणी रूक्ष वाटेल. परंतु येथे उपस्थित असलेल्या कित्येक कुटुंबांच्या घरात आज याच प्रश्नाची चर्चा चालू आहे. वडिलांनी घेतलेल्या दोन-चार खोल्या भाड्याने दिलेल्या आहेत. कोणाच्या जुन्नरच्या पेठेत, कोणाच्या मंचरला, तर कोणाच्या भोसरी-चिंचवडकडे. भाडे तुटपुंजे, दुरुस्ती वाढती. मुलगा म्हणतो, "या खोल्या विकून महामार्गावर एखादा गाळा घेऊ. बँकेला किंवा औषधाच्या दुकानाला देऊ. भाडे दुप्पट येईल." वडिलांचे मन मात्र धजत नाही. या वादात दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे.

मूळ प्रश्न भाड्याच्या आकड्याचा नसून भाडे कोठून येते याचा आहे. राहत्या खोलीचे भाडे भाडेकरूच्या पगारातून येते. माणसाला डोक्यावर छप्पर हवेच असते, त्यामुळे एक बिऱ्हाड गेले तर महिन्या-दोन महिन्यांत दुसरे येते. दुकानाचे भाडे मात्र त्या दुकानात चालणाऱ्या धंद्यातून येते. धंदा चालला तर भाडे चालले, धंदा बसला तर भाडेही बसले. थोडक्यात, गाळा घेणारा गृहस्थ भिंती विकत घेतो, परंतु त्याचे उत्पन्न परक्याच्या गल्ल्यावर अवलंबून राहते.

हे तत्त्व या भूमीला नवीन नाही. नाणेघाट हा सातवाहनकालीन व्यापारी मार्ग. घाटमाथ्यावरचा दगडी रांजण जकातीसाठी होता, असे परंपरा सांगते. जुन्नर परिसरातील लेण्यांच्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे कायमची ठेव ठेवल्याचे उल्लेख आहेत. शेतजमिनीचे उत्पन्न अशाच रीतीने लावून दिल्याचेही लेख आहेत. त्या दात्यांनी ठेव चालत्या धंद्याकडे सोपविली आणि तिच्या अटी दगडावर कोरून ठेवल्या. चालता धंदा आणि लिखित करार, या दोनच गोष्टींवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची ती गुंतवणूक उभी होती. आजच्या गाळ्याचेही तेच आहे.

आता हिशोबाकडे वळू. समजा, चाळीस लाखांच्या सदनिकेला महिना दहा हजार भाडे मिळते आणि तेवढ्याच किमतीच्या गाळ्याला वीस हजार. सदनिका दरवर्षी एक महिना रिकामी राहिली असे धरले, तरी पाच वर्षांत साडेपाच लाख हाती येतात. गाळा पाचही वर्षे भरलेला राहिला तर बारा लाख येतात. एक वर्ष रिकामा राहिला तर नऊ लाख साठ हजार, आणि दोन वर्षे राहिला तर सात लाख वीस हजार. म्हणजे दोन वर्षे कुलूप लागूनही गाळा पुढेच राहतो. मग भीती कशाची?

भीती त्या दोन वर्षांची आहे. चार खोल्यांपैकी एक रिकामी झाली तर उत्पन्नाचा चौथा भाग जातो, परंतु एकुलता एक गाळा रिकामा झाला की सारेच उत्पन्न थांबते. ज्या वृद्ध दांपत्याचा घरखर्च त्या भाड्यावरच चालतो, त्याने पाच वर्षांची सरासरी काढून काय उपयोग? किराणा दर महिन्याला भरावा लागतो. त्यात कर्ज काढले असेल तर प्रश्न अधिकच बिकट होतो. पंचवीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने दहा वर्षांसाठी घेतल्यास मासिक हप्ता सुमारे तेहतीस हजार येतो. वीस हजारांच्या भाड्यातून तो भरला जात नाही. उरलेले तेरा हजार घरातून घालावे लागतात आणि गाळा रिकामा असेल त्या महिन्यात पूर्ण तेहतीस हजार. कापडाच्या धंद्यात उसनवारीच्या भांडवलावर भरलेला माल हंगाम चुकला की मालकालाच खातो. गाळ्याचीही तीच गत होते.

दुसरा विचार जागेचा. पुणे-नाशिक महामार्गाच्या चौपदरीकरणात मंचर आणि नारायणगाव येथे वळणमार्ग झाले. पूर्वी सर्व वाहने गावातून जात. आता लांब पल्ल्याची वाहतूक बाहेरून वळते. ज्या दुकानाचा ग्राहक वाटसरू होता, त्याला याची झळ बसते. ज्याचा ग्राहक गावचा व आसपासच्या वाड्यावस्त्यांचा आहे, त्याला उलट मोकळ्या रस्त्याचा लाभ होऊ शकतो. म्हणून केवळ "रस्त्यावरचा गाळा" एवढे वर्णन पुरेसे नाही. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार, मंचरची बाजारपेठ, पुणे-नाशिक आणि कल्याण-अहिल्यानगर हे दोन महामार्ग जेथे मिळतात तो आळेफाटा, तालुक्याची कचेरी असलेले घोडेगाव, या प्रत्येक ठिकाणचा ग्राहक निराळा, त्याची येण्याची वेळ निराळी. घेणाऱ्याने बाजारच्या दिवशी आणि आडवारी, सकाळी आणि दिवेलागणीला, त्या गाळ्यासमोर उभे राहून किती पावले थांबतात ते स्वतः मोजावे.

तिसरा विचार कायद्याचा. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर जखडून ठेवली होती. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्याचे म्हटले. त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने वर्षाला चार टक्के वाढीची मुभा दिली. परंतु मूळ भाडेच शंभर-दीडशे रुपये असेल, तर चार टक्क्यांनी काय साधणार? हा कायदा लागू असलेल्या गावात जुन्या भाडेकरूचे संरक्षण घराप्रमाणे दुकानालाही आहे. म्हणून जुना भाडेकरू बसलेला पेठेतील गाळा "स्वस्तात" मिळतो, तेव्हा तो स्वस्त का आहे, हे आधी विचारावे.

त्याच कायद्यात एक महत्त्वाचा अपवाद आहे. बँका, सार्वजनिक उपक्रम आणि एक कोटी वा त्याहून अधिक वसूल भांडवलाच्या कंपन्या यांना भाडेकरू म्हणून हे संरक्षण मिळत नाही. मुलगा "बँकेला देऊ" म्हणतो, त्यात हा लाभ अभावितपणे दडलेला आहे. एक तोटाही ध्यानात ठेवावा. राहण्यासाठी लीव्ह अँड लायसन्सने दिलेली जागा मुदत संपूनही सोडली नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाण्याचा वेगळा, तुलनेने जलद मार्ग आहे. दुकानासाठी दिलेल्या जागेला तो मार्ग उपलब्ध नाही, तेथे न्यायालयाचीच पायरी चढावी लागते.

करार लिखित आणि नोंदणीकृतच असावा. ती जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते आणि मालकाला दंड वा कैदही होऊ शकते. "आपलाच माणूस आहे" म्हणून केलेला तोंडी व्यवहार पुढच्या पिढीला फार महागात पडतो. भाडेवाढ केव्हा व किती, किमान किती काळ जागा सोडता येणार नाही, अनामत किती, घरपट्टी व दुरुस्ती कोणाकडे, फर्निचर कोणी काढून न्यायचे, या गोष्टी करारात स्पष्ट असाव्यात.

चौथा विचार कराचा. येथे अनेकांची फसगत होते. राहते घर विकून झालेला दीर्घ मुदतीचा नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतविला तर आयकरात सवलत मिळते; गाळा घेतला तर ती मिळत नाही. २३ जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर साडेबारा टक्के दर आहे. त्या तारखेपूर्वी घेतलेल्या मिळकतीसाठी निवासी व्यक्ती व हिंदू अविभक्त कुटुंब यांना महागाई निर्देशांकाचा लाभ घेऊन वीस टक्क्यांचा पर्यायही आहे. खोल्या विकून गाळा घेण्याचा हिशोब हा कर वजा करूनच मांडावा. भाड्याच्या उत्पन्नातून मिळणारी तीस टक्के प्रमाणित वजावट मात्र घर आणि दुकान दोहोंना सारखीच आहे.

राहण्यासाठी कुटुंबाला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही, दुकानाच्या भाड्यावर तो अठरा टक्के आहे. छोट्या मालकाने स्वतः नोंदणी केलेली नसली आणि भाडेकरू नोंदणीकृत असला, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर भाडेकरूने भरावयाचा आहे; कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यांना जानेवारी २०२५ मध्ये यातून वगळण्यात आले. भाडे ठरविताना हा बोजा कोणावर पडतो, याची स्पष्टता हवी.

कागदपत्रांत बिनशेती आदेश, मंजूर नकाशा, वाणिज्य वापराची परवानगी, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, ग्रामपंचायतीचा उतारा, आणि महामार्गालगत असल्यास इमारत रेषा व नियंत्रण रेषा, हे सर्व वकिलाकडून तपासून घ्यावे. क्षेत्रफळ चटई क्षेत्रावर मोजावे, बिल्डरच्या बोलण्यावर नव्हे.

ज्यांच्याजवळ पूर्ण गाळ्याचे भांडवल नाही, त्यांच्यासाठी अलीकडे आणखी एक वाट झाली आहे. सेबीच्या २०१४ च्या नियमांनुसार रिट नावाचे न्यास निघाले. पहिल्या न्यासाची नोंदणी शेअर बाजारात एप्रिल २०१९ मध्ये झाली. अनेकांच्या पैशातून मोठी कार्यालये व मॉल घेतले जातात आणि वाटपयोग्य रकमेपैकी किमान नव्वद टक्के युनिटधारकांना द्यावे लागतात. पुण्यातील येरवडा व खराडी येथील कार्यालय संकुले अशा न्यासाकडे आहेत. तेथे भाडेकरू अनेक असतात, रक्कम थोडी चालते, विकणेही सोपे. परंतु युनिटचा भाव शेअरसारखाच खालीवर होतो, हे विसरू नये.

शेवटी एक घरगुती गोष्ट. चार भावांना चार खोल्या वाटून देता येतात, एका गाळ्याचे चार तुकडे होत नाहीत. म्हणून गाळा घेतेवेळीच कोणाचे नाव, कोणाचा किती हिस्सा, भाडे कोणाच्या खात्यात जाणार, हे कागदावर यावे आणि वडिलांनी मृत्युपत्र करून ठेवावे. मिळकत वाढली आणि भाऊ दुरावले, तर त्या वाढीला अर्थ उरत नाही.

तेव्हा वडील आणि मुलगा यांच्यातील वादाचा निकाल काय? ज्या घराचा महिन्याचा खर्च भाड्याविनाही भागतो, ज्याच्याकडे वर्ष-दोन वर्षांची शिल्लक आहे आणि ज्याला फारसे कर्ज काढावे लागत नाही, त्याने गाळ्याकडे अवश्य वळावे. ज्याची चूल भाड्यावर पेटते, त्याने निदान दोन खोल्या तरी राखून ठेवाव्यात. आणि दोघांनीही भिंतींआधी भाडेकरूचा धंदा पारखावा. ही पारख येथील व्यापाऱ्याला शिकवावी लागत नाही. कोणाला किती उधार द्यावे आणि कोणाला हात जोडावेत, हे त्याने आयुष्यभर गादीवर बसून ठरविले आहे. गाळा देताना तीच नजर वापरावी, आणि उधारीच्या वहीत जे कधी लिहून घेतले नाही, ते करारात मात्र लिहून घ्यावे.

सर्वांच्या मिळकती सुरक्षित राहोत आणि घरे एकत्र नांदोत, हीच सदिच्छा.