सरच आहे, जाईल

आमच्या नालासोपाऱ्यात ‘सर येतेय’ म्हटलं की जुनी माणसं छत्री शोधत नाहीत. घटकाभर वळचणीला उभं राहायचं, ती निघून जाते. शब्द दोन अक्षरी, पण त्याचा गोतावळा मोठा! मोत्यांचा तो सर, पावसाची मात्र ती सर. ‘आईच्या आमटीची सर कशालाच नाही’ म्हणतो, ती बरोबरीही ‘ती’च. अनेकवचनात ‘सरी’ म्हणावं, तर शेतकऱ्याला वरंब्याशेजारची सरी आठवते. (शाळेतले सर वेगळे, ते इंग्रजीतून आले.)

वेधशाळा चोवीस तासांतल्या २.५ ते १५.५ मिलिमीटर पावसाला हलका म्हणते. आई मोजत नसे. वडील लोकलसाठी निघाले की आभाळाकडे बघून म्हणे, ‘सरच आहे, जाईल.’ सगळा धीर त्या ‘च’मध्ये.

जुलै २०१८मध्ये इथले रूळ पाण्याखाली गेले, वसई-विरार गाड्या थांबल्या. मी अंधेरीला अडकलो. फोनवर आईनं विचारलं, ‘पाऊस फार आहे का रे?’ म्हटलं, ‘नाही गं, सरच आहे.’

‘इथेही सरच आहे,’ ती म्हणाली. तेव्हा आमच्या ओटीवर गुडघाभर पाणी होतं.