नळावरची रांग आणि रंगीत ठोकळे

(वांद्रे पूर्व येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आज फार लांब जायचं नाही. कलानगरहून सायन-वांद्रे लिंक रोड धरला आणि वाहतुकीने कृपा केली, तर मिठी नदी ओलांडून थोड्याच वेळात धारावी लागते. तिथल्या नया नगरमधल्या शाळकरी मुलींबद्दल बोलायचं आहे.

नवनीत रंजन या चित्रपटकाराने २०१२ मध्ये धारावीवर माहितीपट केला आणि पुढे ‘धारावी डायरी’ हा उपक्रम तिथेच सुरू केला. त्यातल्या मुलींनी मोबाइलची अ‍ॅप्स बनवली. ‘विमेन फाइट बॅक’ हे संकटात सापडलेल्या बाईसाठी : भोंगा वाजवायचा, आपण कुठे आहोत ते मेसेजने कळवायचं. ‘पानी’ हे सार्वजनिक नळासाठी : नंबर फोनवर लावायचा, पाळी आली की सूचना मिळते. ‘पढाई’ हे शिकण्यासाठी.

ही सगळी बनवण्याचं साधन होतं अ‍ॅप इन्व्हेंटर. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाचे प्राध्यापक हॅल एबलसन यांच्या पुढाकाराने ते गुगलमध्ये तयार झालं आणि २०१० मध्ये लोकांसमोर आलं. पुढच्याच वर्षाच्या अखेरीस गुगलने त्यातून अंग काढून घेतलं. २०१२ पासून ते एमआयटी चालवते, आणि फुकट आहे.

त्यात पडदे दोन. एकावर फोनचं चित्र असतं. त्यावर बटण, चौकट, नकाशा ओढून ठेवायचा. दुसऱ्यावर रंगीत ठोकळे. ‘बटण दाबलं की’ हा ठोकळा कमानीसारखा उघडा असतो. त्याच्या पोटात ‘मेसेज पाठव’ हा ठोकळा बसवायचा. जिथे आकडा हवा तिथे भलतंच काही बसवू गेलात, तर ठोकळा चिकटतच नाही. टाइप केलेल्या प्रोग्रॅममध्ये एक अर्धविराम राहिला म्हणून रात्र वाया गेलेल्या माणसाला याची किंमत विचारा! संगणकावर केलेला बदल समोरच्या फोनवर लगेच दिसतो, हे तर मुलांना विशेष आवडतं.

पण ठोकळे जोडणं हा सोपा भाग. ‘पानी’तल्या रांगेचं पाहा. एका फोनमध्ये साठवलेला नंबर शेजारणीला दिसणार कसा? रांग सगळ्यांची, म्हणजे तिची नोंद फोनबाहेर, सामायिक जागी ठेवायला हवी. हे एकदा कळलं की खरे प्रश्न सुरू होतात. पाळी आली आणि बाई कामावर असली तर? एका नंबरावर हंडे किती? ज्या घरात फोन एकच आणि तो नवऱ्याच्या खिशात, त्या घराने नंबर कसा लावायचा? वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वातानुकूलित कचेरीत बसलेल्या इंजिनिअरला हे प्रश्न सुचतील याची मला खात्री नाही. नळावर उभी राहिलेली मुलगी ते विचारणारच. नवशिक्यांच्या साधनाचं मोल मला इथे वाटतं : ज्याला अडचण ठाऊक आहे, त्याच्याच हातात ते जातं. अ‍ॅपने नळाला पाणी जास्त येत नाही, हेही खरं. त्यासाठी महापालिकेकडेच जावं लागतं. वर्तमानपत्रांतल्या कौतुकात हे वाक्य सहसा गळतं.

दुसरी अडचण ‘विमेन फाइट बॅक’सारखं काही लोकांपर्यंत पोचवताना येते. स्वतः थेट मेसेज पाठवणाऱ्या अ‍ॅप्सवर गुगलने २०१९ पासून प्ले स्टोअरमध्ये कडक निर्बंध घातले. फसवणूक रोखायला ते योग्यच होतं. पण त्यामुळे अ‍ॅप इन्व्हेंटरचा साधा मेसेजचा ठोकळा आता फोनचं मेसेजचं पान उघडून थांबतो. ‘पाठवा’ आपणच दाबायचं. घाबरलेल्या मुलीला ते दुसरं बटण दाबायला फुरसत असेल का? थेट पाठवणारा वेगळा ठोकळा आहे, पण तो वापरलेलं अ‍ॅप स्टोअर नाकारू शकतं. तेव्हा ज्यांना असं काही आपल्या चाळीपुरतं करायचं आहे, त्यांनी स्टोअरच्या नादी लागू नये. तयार झालेली फाइल अँड्रॉइड फोनवर थेट चढवता येते, आणि चाळीतल्या फोनांना तेवढं पुरतं.